पिन टाकताना आपण वाचत का नाही? ॲपच्या डिझाइनमागचं मानसशास्त्र

माणूस लक्ष कसं देतो, लक्षात काय ठेवतो आणि चुकतो कसा, याचा अभ्यास म्हणजे कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी, मराठीत बोधात्मक मानसशास्त्र. मी पेमेंटच्या स्क्रीन बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो. आमच्याकडे निम्मे वाद कोडवरून होतच नाहीत. ‘इथे लोक न वाचता बटण दाबतील का?’ यावरून होतात.

या विषयाचा पाया घालणाऱ्या पुस्तकांपैकी एक १९८३ मध्ये आलं. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तिघांनी त्यात माणसालाच एक प्रोसेसर मानून त्याचा वेग आणि मेमरी किती, याचा हिशोब मांडला. पण रोजच्या कामात मला जास्त उपयोगी पडतो तो डोनाल्ड नॉर्मन यांनी केलेला फरक. ते म्हणतात, चुका दोन प्रकारच्या. करायचं एक होतं आणि हातून भलतंच झालं, ती ‘स्लिप’. मुळात समजूतच चुकीची होती, ती ‘मिस्टेक’.

स्लिपचं सोपं उदाहरण एटीएमचं. मशीनने आधी पैसे आणि मग कार्ड दिलं, तर लोक कार्ड विसरून निघून जातात. आपण पैशांसाठी गेलेलो असतो. पैसे हातात आले की मेंदूच्या लेखी काम संपलं. म्हणून बऱ्याच मशीन आधी कार्ड घ्यायला लावतात आणि मगच नोटा सोडतात. ‘कार्ड विसरू नका’ अशी पाटी लावण्यापेक्षा हा क्रम कितीतरी जास्त कामाचा.

आता यूपीआय. जुनी वस्तू विकायला काढली की फोन येतो, ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ शिकलेली माणसंही यात फसतात आणि आपण म्हणतो, एवढं कसं कळलं नाही? इथे दोन्ही चुका एकत्र येतात. ‘पिन टाकला की पैसे येतील’ ही मिस्टेक. आणि स्क्रीनवर रक्कम आणि नाव स्पष्ट लिहिलेलं असूनही बोटं सवयीने पिन टाकून मोकळी होतात, ही स्लिप. चहाच्या टपरीपासून रिचार्जपर्यंत दिवसातून दहा वेळा केलेली कृती मेंदू लक्ष न देताच उरकतो.

मग लाल रंगात मोठी सूचना का देत नाही? देतो की! पण तीच सूचना रोज दिसली की ती दिसेनाशी होते. शिवाय पिन टाकायचं पान ॲपवाल्यांचं नसतंच. ते एनपीसीआयचं असतं, म्हणून सगळ्या ॲपमध्ये जवळपास सारखं दिसतं. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण मग आमच्या हातात उरते फक्त त्याच्या आधीची स्क्रीन. तिथे नुसतं ‘पुढे जा’ लिहिण्यापेक्षा ‘माझ्या खात्यातून ५००० रुपये पाठवा’ असं बटण ठेवावं, असं माझं मत. सूचना वाचली जात नसली तरी जिथे बोट टेकवायचं तिथे नजर जातेच.

कधीकधी सगळ्यात चांगलं डिझाइन म्हणजे ती सोयच काढून टाकणं. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआरची युक्ती मात्र अजून चालते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या मोठ्यांना हे सांगताना नुसतं ‘सावध राहा’ म्हणू नका. ‘पिन म्हणजे चेकवरची सही’ असं सांगा, ते त्यांना लगेच कळतं. आणि ॲपची भाषा मराठी करून द्या.