अंगावर काढलेलं दुखणं

आमच्या मालवणच्या बाजूला बाईच्या दुखण्याची पहिली खबर लागायची ती वैजिणीला. बाळंतपण, पाळी, अंग बाहेर येणं, धुपणी, सगळं तिच्याकडे. तांदळाच्या धुवणात काही मुळ्या उगाळून ती प्यायला द्यायची. त्याने भागलं नाही तर देवाला गाऱ्हाणं, आणि तेवढ्यानेही नाही तर अंगावर काढायचं. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा लाल दिसलं तरी बाई तोंड उघडत नसे. मी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून रुजू झाले तेव्हा वैजिणी थकल्या होत्या, पण ही सवय जागची हलली नव्हती. तपासून घे म्हटलं की उत्तर यायचं, "गो बाय, चार पोरां झाली, आता काय रवला बघूचा?"

मग एक दिवस घरात वास येऊ लागायचा आणि बाईला मुंबईला न्यायचे. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लालबाग-परळच्या चाळींत गिरणीत राबणारी आमचीच माणसं राहायची, म्हणून हे रुग्णालय कोकणाला जवळचं झालं. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच आठ माणसं, त्यात गावची आजारी काकी. तरी कुणी नको म्हटलं नाही. त्या चाळकऱ्यांचा हा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा. गावात मात्र "टाटात नेली" एवढं ऐकलं की लोक पुढचं विचारत नसत.

नेमका हाच उशीर टाळता येतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं घेत सावकाश वाढतो. तो वेळीच ओळखण्यासाठी डॉ. पापानिकोलाऊंची पेशी तपासण्याची रीत १९४० च्या दशकात जगाला ठाऊक झाली, पण तिला काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि सरावलेली नजर लागते. खेड्यात हे कोण पुरवणार?

त्याला महाराष्ट्रात मिळालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. १९९८ मध्ये टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलं. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं आणि तपासणी त्यांच्या हाती दिली. स्पेक्युलम लावायचा, उजेडात गर्भाशयाचं तोंड बघायचं, पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवलेला बोळा त्यावर धरायचा आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेल्या पेशींतली प्रथिनं दूध नासावं तशी साकळतात आणि तिथे पांढरा डाग उठतो. तो डाग डोळ्यांनी दिसतो, त्याला यंत्र लागत नाही. व्हिनेगरला आंबटपणा देणारं हेच ॲसिड. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. तिथे मात्र व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू फारसे घटले नाहीत. घटले ते हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने. एचपीव्हीसाठी एकदाच तपासलेल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ या कॅन्सरने गेल्या, आणि काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४. हा दुसरा आकडा वाचताना मी अजून थांबते. त्यांना तुलनेसाठी बिनतपासणीचं ठेवलं होतं, आणि हे योग्य होतं का, असं नंतर काही डॉक्टरांनी विचारलं. त्या चौसष्ट जणींमुळे जे कळलं ते देशभरच्या बायकांपर्यंत जायला हवं होतं. गेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत या कॅन्सरची तपासणी झालेल्या दोनही भरत नाहीत.

अडचण पैशाची आहेच, पण त्याहून मोठी अडचण कापड वर करण्याची. म्हणून आतड्यांतल्या जिवाणूंवरून हा कॅन्सर ओळखण्याच्या प्रयत्नांकडे मी आशेने बघते. शौचाचा नमुना घरी, एकटीने, डबीत घेता येतो. बाईच्या अंगातले जिवाणू हा विषय तसा जुना. जर्मनीच्या डोडरलाइनने १८९२ मध्येच योनीतल्या, आंबटपणा राखून संसर्ग रोखणाऱ्या जिवाणूंचं वर्णन केलं होतं. आतडं नंतर आलं. रुग्ण बायकांच्या आणि निरोगी बायकांच्या आतड्यांतले जिवाणू वेगळे असतात असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते अभ्यास लहान आहेत, आणि कॅन्सरमुळे जिवाणू बदलले की जिवाणू आधी बदलले, हे त्यांतून ठरत नाही. एचपीव्हीची तपासणी मात्र पारखलेली आहे आणि तिचा नमुनाही बाईला स्वतः घेता येतो. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने असा नमुना घेण्याला मान्यता दिली. सरकारने ही तपासणी आज द्यावी, जिवाणूंची वाट बघत बसू नये.

शिवाय आतड्यातले जिवाणू ताटाप्रमाणे बदलतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले, तेव्हा वयागणिकही फरक दिसला. परदेशातल्या बाईवरून ठरवलेलं माप उकड्या तांदळाची पेज, बांगडा आणि सोलकढीवर वाढलेल्या आमच्याकडच्या देवबागच्या बाईला कसं लागू पडेल? माप काढायचं तर आमच्या बायका पहिल्यापासून मोजणीत हव्यात. असं काम घेऊन कुणी या किनाऱ्यावर आलं तर डब्या वाटत दारोदार मी हिंडेन. कुठल्या घरात कुणाची कुणाशी बोलाचाली आहे, सासूच्या आधी कुणाला विचारायचं, हे मला अजून पाठ आहे.