दारात उभा राहिलेला प्रश्नकर्ता

समाजाच्या दोषांवर बोट ठेवणाऱ्या नाटकांत एक पात्र पुनःपुन्हा भेटते. ते कोठून आले हे कोणास ठाऊक नसते. ते घरात शिरते, प्रश्न विचारते आणि निघून जाते. मागे उरलेली माणसे मात्र पूर्वीसारखी राहत नाहीत. इंग्रज नाटककार जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’मधील इन्स्पेक्टर गूल हे या पात्राचे सर्वांत परिचित रूप होय. १९४५ साली सोव्हिएत रशियात प्रथम रंगमंचावर आलेले हे नाटक पुढील वर्षी लंडनमध्ये झाले. एका तरुण कामकरी मुलीने आत्महत्या केली आहे, आणि सुखवस्तू बर्लिंग कुटुंबातील प्रत्येकाने आपापल्या परीने तिला त्या टोकाकडे ढकलले आहे, हे गूल एकेका प्रश्नाने उघड करतो. तो गेल्यावर कळते की, या नावाचा इन्स्पेक्टर पोलीस दलात नाहीच!

मग तो होता कोण? हे गूढ केवळ प्रेक्षकांस खिळवून ठेवण्यासाठी नाही, असे आम्हांस वाटते. खरा अधिकारी आला असता, तर बर्लिंगने आपल्या ओळखी पुढे केल्या असत्या, आणि तसा प्रयत्न तो करतोही. ज्याच्यापाशी सत्यावाचून दुसरी सनद नाही, त्याच्यापुढे ओळखी चालत नाहीत. दावीद राजासमोर नाथान संदेष्टा उभा राहिला तो असाच. त्याने आरोप केला नाही. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, आणि निवाडा राजाच्याच तोंडून वदवला.

हे पात्र आपल्या भाषेत प्रीस्टलींच्या नव्वद वर्षे आधी अवतरले होते. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. कथा साधी आहे. गरोदर कुणबी स्त्रीच्या दारी जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि ती टाळण्यासाठी ब्राह्मणभोजनाचा खर्च त्या दांपत्याच्या माथी मारतो. भोळा नवरा कर्जात रुततो. पुढे त्यांची गाठ एका पाद्र्याशी पडते. तो त्यांना बोलते करतो, झाल्या प्रकाराचा विचार करावयास लावतो. याच्या जोडीला विदूषक आहे. तो प्रसंगाच्या कडेला उभा राहून, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते प्रेक्षकांस उघड करून सांगतो. गूल एकटाच जे काम करतो, ते फुले यांनी या दोघांत वाटून दिले आहे.

यांपैकी विदूषक आपल्या मातीतला आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. आंबेगाव-जुन्नरच्या जत्रांच्या सुपाऱ्या तेथील फडांच्या राहुट्यांत ठरत आल्या आहेत. वगातल्या राजाला भर दरबारात आडवे प्रश्न विचारणारा सोंगाड्या या भागातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. हसता हसता केलेली चौकशी त्याला नवी नव्हती.

पण फुले यांचे नाटक एका बाबतीत प्रीस्टलींच्या पुढे जाते. गूल जातो आणि अपराध्यांच्या मनात भय ठेवून जातो. ‘तृतीय रत्न’मध्ये प्रश्न ज्यांच्यासाठी विचारले गेले ते नाडलेले पतिपत्नीच शेवटी फुले दांपत्याच्या रात्रशाळेत जाण्याचा निश्चय करतात. परक्याने विचारलेला प्रश्न आता त्यांना स्वतःला विचारावयाचा आहे. हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. ते छापून निघावयास १९७९ साल उजाडले.

रंगमंच न मिळालेल्या या नाटकाचा पुढचा अंक जणू जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी घडला. १८७३ साली फुले यांनी स्थापन केलेल्या समाजाचे नावच ‘सत्यशोधक’, म्हणजे सत्याची चौकशी करणारा. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई ओतुरात मदतकार्य करीत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जनावरे तडफडत असल्याचे, लोक गाव सोडून जात असल्याचे आणि सावकारांच्या जाचातून दंगे पेटल्याचे वर्णन आहे. चौकशीला कलेक्टर आला. पन्नास सत्यशोधक पकडले गेले. सावित्रीबाईंना बोलावणे आले. पण तेथे भूमिका उलटली. त्यांनीच कलेक्टरला विचारले की, मदत करणाऱ्यांवर हे कुभांड कशासाठी? त्या अधिकाऱ्याने माणसे सोडली आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. त्याच पत्रात लक्ष्मणशास्त्री यांनी दुष्काळग्रस्तांना केलेल्या साहाय्याचीही कृतज्ञ नोंद आहे. सत्याची चौकशी जातीवरून माणूस ठरवीत नाही.

पुढे १८८० च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहितावाचून विवाह लावला. ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी न्यायालय गाठले, आणि जोशाला दक्षिणा का द्यावी, हा नाटकातला प्रश्न खऱ्याखुऱ्या कोर्टात उभा राहिला. तो विचारावयास या वेळी कोणी पाद्री लागला नाही.

आम्हां ख्रिस्ती वाचकांस नाटकातील पाद्री पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. घेतली ती प्रश्न विचारण्याची रीत. हे ध्यानात ठेवले म्हणजे समाधानाची जागा आत्मपरीक्षण घेते. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना, ख्रिस्तसभेतही जातिभेद शिल्लक असल्याची कबुली दिली. दुसऱ्याच्या घरी चौकशीला गेलेल्या पाद्र्याच्या मागोमाग, कोणी आपल्याही दारी येऊन उभा राहिला आहे, एवढाच याचा अर्थ.

प्रीस्टलींच्या नाटकाच्या शेवटी, सारे काही बनाव होता म्हणून कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते, तोच फोन वाजतो: मुलगी खरोखरच मेली आहे व इन्स्पेक्टर निघाला आहे. पापनिवेदनापूर्वी विवेकपरीक्षण करावयास आम्हांस लहानपणीच शिकविलेले असते. तो येण्यापूर्वी स्वतःच स्वतःला विचारावे, एवढीच तर ती शिकवण आहे. ओतूरच्या शेतकऱ्यांनी ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आचरणात आणली. त्यांच्यापाशी आपणांस शिकावयास लाज वाटू नये.