पुसट पाट्यांचे वाचन : गिरगाव ते परळ, भिंतीवर उरलेला इतिहास

१.
गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ. मुंबईच्या या जुन्या भागांत इमारतींच्या दर्शनी भिंतींवर हाताने रंगवलेली अक्षरे अजूनही दिसतात. कुठे एखाद्या उपाहारगृहाचे अर्धे नाव, कुठे औषधाची जाहिरात, कुठे छापखान्याचा पत्ता. धंदा केव्हाच बंद झाला, अक्षरे उरली. ही अक्षरे इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचायची आणि परिसरातील लोकांच्या आठवणींशी ती ताडून पाहिली की काय हाती लागते, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२.
पहिला प्रश्न : ती टिकली कशी? जुन्या तैलरंगात जवसाचे तेल असे आणि पांढऱ्या रंगासाठी शिसेयुक्त सफेदा वापरला जाई. हा थर चिवट असतो. त्यावर पुढे चुन्याची सफेदी दिली, तरी तेलकट पृष्ठभागावर चुना नीट धरत नाही. काही पावसाळ्यांनंतर त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे अक्षर पुन्हा वर येते. ओल्या भिंतीवर रंगांतला फरक अधिक उठून दिसतो. म्हणून पुसट पाट्या पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे पावसाची सर नुकतीच ओसरल्यानंतरचा.

३.
दुसरे कारण रसायनशास्त्रातले नाही, कायद्यातले आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्यामुळे आधार मिळाला. परंतु तुटपुंज्या भाड्यात इमारत रंगवण्याची इच्छा मालकाला उरली नाही. पुढे उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा अशा इमारतींची संख्या एकोणीस हजारांहून अधिक होती. ज्या भिंतींकडे कोणी लक्ष दिले नाही, त्याच भिंतींनी अक्षरे सांभाळली. आपला हा दप्तरखाना दुर्लक्षातून जन्माला आला आहे.

४.
ही अक्षरे लिहिणारा माणूस म्हणजे ‘पेंटर’. परांचीवर बसून तो आधी खडूत घोळलेला दोरा भिंतीवर ताणून झटकत असे. त्या रेषांमध्ये अक्षरांची उंची बसवायची, शिरोरेषा ओढायची, मग अंग भरायचे आणि शेवटी सावली द्यायची. खाली कोपऱ्यात पुष्कळदा त्याची लहानशी सही असे. या शब्दाला महाराष्ट्रात केवढी प्रतिष्ठा होती, हे समजण्यास एक उदाहरण पुरे : कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवणारे आणि पुढे चित्रपट काढणारे हे कलावंत आयुष्यभर ‘बाबूराव पेंटर’ म्हणूनच ओळखले गेले.

५.
आता कालनिर्णय. पाटीवर सहसा साल नसते. तरीही तिचे वय काढता येते, कारण भाषा, पैसा आणि टपाल यांच्या बदलांच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. पाटीत अशा बदलानंतरची खूण सापडली, तर पाटी त्या तारखेच्या अलीकडची. पुरातत्त्वात नाण्यावरून थराचे वय ठरवतात, तीच ही रीत.

६.
पहिली खूण : अनुस्वार. ‘येथें उत्तम चहा मिळेल’ यातील ‘येथें’ पाहा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार लेखनातून गेले. त्याच नियमांनी ‘नागपुर’चे ‘नागपूर’ केले. म्हणून ‘येथें’, ‘कापडाचें’, ‘सोलापुरी’च्या शेजारचे ‘सोलापुर’ अशी रूपे दिसली, तर पाटी बहुधा १९६२ पूर्वीची. ‘बहुधा’ म्हणायचे, कारण पेंटरचा हात नियमावलीपेक्षा सावकाश बदलतो. शिवाय जुनी पाटी पुन्हा रंगवताना मूळ अक्षरेच गिरवली जात.

७.
दुसरी खूण : ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी रूपे. ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांऐवजी ‘अ’ला काना-मात्रा जोडणाऱ्या या बाराखडीचा पुरस्कार सावरकरांनी लिपिसुधारणेच्या चळवळीत केला आणि किर्लोस्कर मासिकांनी ती छापून घरोघर पोहोचवली. भिंतीवर ‘अुपाहारगृह’ असे आढळले, तर ती चूक समजून पुढे जाऊ नका. लिपी कशी असावी, या त्या काळच्या वादात त्या मालकाने किंवा पेंटरने घेतलेली ती बाजू असू शकते.

८.
तिसरी खूण : पैसा. भारतात दशमान चलन १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाले. त्याआधीची पाटी आण्यांत बोलते. त्यानंतर आले ‘नये पैसे’. १ जून १९६४ रोजी त्यातील ‘नये’ हा शब्द गळाला आणि उरला नुसता ‘पैसा’. म्हणजे ज्या पाटीवर किंमत ‘नये पैसे’ अशी आहे, ती जवळजवळ नक्कीच १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. एका विशेषणावरून इतका नेमका काळ ठरावा, असे भाग्य इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार वेळा लाभत नाही.

९.
चौथी खूण : पत्ता. ‘मुंबई ४’ म्हणजे गिरगाव, ‘मुंबई १२’ म्हणजे परळ. हे टपाल विभागांचे क्रमांक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला आणि त्यांची रूपे ४००००४ आणि ४०००१२ अशी झाली. ही योजना आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवी होते. येथे तर्कात एक दक्षता हवी : सहा आकडी पिन असलेली पाटी १९७२ नंतरची, हे निश्चित, पिन नसलेली पाटी मात्र तेवढ्याने आधीची ठरत नाही. ‘मुंबई ४’ लिहिण्याची सवय पुढेही पुष्कळ वर्षे चालू होती.

१०.
पत्त्यात रस्त्याचे नाव असेल तर आणखी चांगले. गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल मार्ग झाला, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग. पाटीवर नवे नाव असेल तर ती नामांतरानंतरची. जुने नाव असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कारण लोक आजही ‘डिलाईल रोड’च म्हणतात. येथून आपण अक्षरांकडून आठवणींकडे वळतो.

११.
परिसराची आठवण अनेकदा पाटीहून चिवट असते. ‘दादर टी.टी.’ हे नाव घ्या. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरपर्यंत धावली. आज ना रूळ आहेत, ना ट्राम, तरी टॅक्सीवाल्याला ‘टी.टी.’ म्हटले की कळते. तसेच ‘इंदू मिल’. कागदोपत्री ती ‘इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६’. लोकांनी ते लांबलचक नाव बाजूला ठेवून आपल्या जिभेला रुळणारे नाव चालवले आणि अखेर तेच सर्वमान्य झाले.

१२.
परंतु आठवण निवड करते. जुन्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारा, बहुतेक जण सांगतील : त्या काळी सगळे मिळूनमिसळून राहत, भेदभाव नव्हता. त्यांच्या अनुभवाचा एक भाग म्हणून हे खरेही असेल. सणावारी अख्खी चाळ एक होत असे. पण आता त्याच वस्तीतल्या खाणावळींच्या पाट्यांची भाषा आठवा : ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मणांची खाणावळ’, ‘मराठा खाणावळ’.

१३.
या विशेषणांचा एक अर्थ चवीचा होता : आत कोणत्या पद्धतीचे जेवण मिळेल, ते गावाकडून आलेल्या एकट्या पुरुषाला कळावे. दुसरा अर्थ पंक्तीचा होता : आत कोण बसू शकेल आणि कोण नाही. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, जात वगैरे कारणांनी प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असा नकार दंडनीय ठरवला. ज्या गोष्टीसाठी घटनेत शब्द खर्चावे लागले, ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती, असे म्हणता येत नाही.

१४.
त्यानंतरही ‘हिंदू हॉटेल’सारखी नावे काही ठिकाणी चालू राहिली, पुढे ती निव्वळ नावे उरली. म्हणून अशी पाटी दिसली की लगेच निवाडा देऊ नये. ती केव्हाची, हे आधी पाहावे. १९३०च्या दशकातला तोच शब्द उंबरठ्यावरचा पहारेकरी असू शकतो आणि १९७०च्या दशकातला केवळ वारशाने आलेले नाव. वर सांगितलेल्या अनुस्वार-आण्यांच्या खुणा येथे उपयोगी पडतात. कालनिर्णय हा छंदिष्टांचा खेळ नाही. त्यावर अर्थ ठरतो.

१५.
आठवणीला अक्षर सुधारते, तसे अक्षरालाही आठवण सुधारते. कारण पुष्कळ गोष्टी भिंतीवर कधी लिहिल्याच गेल्या नाहीत. कापडगिरण्यांत विणकाम खात्याच्या दारावर ‘अस्पृश्यांस मज्जाव’ असे रंगवण्याची गरज नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकरांनी विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यापासून दूर ठेवले. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. तेव्हा ते स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते.

१६.
दुसरे मौन स्त्रियांचे आहे. गिरणगावातल्या हजारो कामगारांची कुटुंबे कोकणात, घाटावर असत. त्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका चाळीतल्या आपल्याच खोलीत चूल पेटवत. त्यांच्या दारावर पाटी नव्हती, पेंटरची सही नव्हती. कोणाकडे जेवायचे, हे कामगार एकमेकांना सांगत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या श्रमांना सार्वजनिक नाव मिळाले. निव्वळ भिंती वाचून गिरणगावाचा इतिहास लिहिला, तर त्यातून गिरणगावाला जेवू घालणारेच गळतील.

१७.
आणि काही पाट्या आपल्या गिऱ्हाइकांच्या मागे उरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. महिन्याच्या उधारीवर चालणारी वाण्याची दुकाने, शिंपी, सायकलवाले, न्हावी यांचा सारा व्यवहार गिरणीच्या पगारावर उभा होता. परळ-लालबागमधली पुसट पाटी वाचताना त्यामागची ही थांबलेली उधारीची वही लक्षात ठेवावी.

१८.
लिपींकडेही पाहा. काळबादेवीत गुजराती अक्षरे, महंमद अली रस्त्याकडे उर्दू, गिरगावात देवनागरी, फोर्टात इंग्रजी; आणि कित्येक ठिकाणी एकाच पाटीवर तीन लिप्या. कोणती लिपी वर, कोणती मोठी, कोणती कोपऱ्यात, यावरून दुकानदार कोणाला हाक मारत होता ते कळते. मराठी पाट्यांचा प्रश्न २०२२च्या कायदादुरुस्तीने आणि २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा चर्चेत आला. त्या वादात कोणतीही बाजू घ्या. पण या शहराच्या भिंतींवर लिप्यांचा शेजार जुना आहे, हे ठाऊक असलेले बरे.

१९.
आता हे सारे वेगाने जात आहे. फ्लेक्सने पेंटरचे काम घेतले आणि पुनर्विकासाने भिंती. एकट्या भेंडीबाजारातील पुनर्विकासाचा आवाका सुमारे साडेसोळा एकर आणि अडीचशे इमारती एवढा आहे. पुनर्विकास थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांच्या डोक्यावर गळके छप्पर आणि अंगणात सामायिक संडास आहे, त्यांना आपल्या अभ्यासासाठी तसेच राहा म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. १९९५च्या वारसा नियमावलीने मुंबईतील इमारती आणि परिसर श्रेणीबद्ध केले. सामान्य चाळीच्या भिंतीवरचे अक्षर त्या यादीत सहसा येत नाही. ते वाचवता आले नाही, तरी वाचता येते.

२०.
म्हणून एक विनंती. आपल्या गावी, पेठेत, बाजारात अशी पाटी दिसली तर छायाचित्र घ्या : एक जवळून, एक संपूर्ण इमारतीसह. तारीख आणि ठिकाण नोंदवा. जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच उतरवा. तुटलेली जागा अंदाजाने भरू नका, तिथे टिंबे द्या. मग शेजारच्या दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा : येथे काय होते, कोण येत असे, आणि कोण येऊ शकत नसे?

२१.
तिसरा प्रश्न विचारायला अवघड आहे. उत्तरे परस्परविरोधीही येतील. दोन्ही लिहून ठेवा आणि सांगणाऱ्याने परवानगी दिली तरच त्याचे नाव लिहा. अक्षर आणि आठवण जिथे जुळत नाहीत, तिथेच बहुधा विचारण्यासारखा प्रश्न असतो. भिंत पडली की त्यातली एक बाजू कायमची गप्प होते, म्हणून ही नोंद आत्ताच व्हायला हवी.

(थ्रेड समाप्त. तुमच्या भागातील पाट्या खाली जरूर जोडा. खुणांवरून त्यांचा काळ मिळून ठरवू.)