फॉकलंड रोड : मेरी एलन मार्क यांची मुंबई

मुंबईतील कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या फॉकलंड रोडचे आजचे अधिकृत नाव पठ्ठे बापूराव मार्ग. ब्राह्मण घराणे सोडून तमाशाच्या फडात रमलेल्या शाहिराचे हे नाव तेथे उगाच आलेले नाही. पिला हाउसची तमाशाची थिएटरे याच परिसरातली. छायाचित्रणाच्या जगात मात्र हा रस्ता जुन्याच नावाने ओळखला जातो. १९८१ साली न्यूयॉर्कच्या क्नॉफ या संस्थेने प्रकाशित केलेले मेरी एलन मार्क यांचे ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक त्याला कारणीभूत आहे.

फिलाडेल्फियात जन्मलेल्या मार्क (१९४०–२०१५) १९६८ साली प्रथम या रस्त्यावर आल्या. कॅमेरा दिसताच पुरुषांचे कोंडाळे जमे आणि बायका कचरा वा पाणी अंगावर फेकत. दहा वर्षे हेच चालले. १९७८ साली त्या तेथे ठरवून मुक्कामालाच आल्या आणि सुमारे तीन महिने रोज जात राहिल्या. टोमणे सोसूनही ही गोरी बाई परत येते, याचेच कुतूहल वाटून काही जणी बोलू लागल्या. पुढे एका घरवालीशी स्नेह जुळला आणि आतले दरवाजे उघडले.

मार्क यांची ख्याती कृष्णधवल चित्रांची. येथे मात्र त्यांनी रंग निवडला, आणि तो निर्णय अचूक होता. निळ्या-हिरव्या भिंती, फुलाफुलांचे पडदे, पावडर आणि गजरे यांखेरीज ही वस्ती दिसतच नाही. गिऱ्हाइकाच्या प्रसंगांइतकीच वेणी घालणाऱ्या, झोपलेल्या, एकमेकींना बिलगलेल्या स्त्रियांची चित्रे पुस्तकात आहेत, आणि तीच अधिक काळ मनात राहतात.

त्याआधी १९७६ मध्ये ओरेगनच्या मनोरुग्णालयातील स्त्रियांच्या बंदिस्त कक्षात त्या ३६ दिवस राहिल्या होत्या. नंतर सिअ‍ॅटलच्या बेघर मुलांमध्ये वावरल्या. त्यांपैकी ‘टायनी’ या टोपणनावाच्या मुलीची छायाचित्रे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ काढली.

तरीही ‘फॉकलंड रोड’ निःशंकपणे पाहता येत नाही. त्यात अल्पवयीन मुलींचे चेहरे उघड आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचारग्रस्त बालकाची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. म्हणजे यांतील काही चित्रे आज भारतात नव्याने छापणे अवघडच. परदेशी पाहुणीने गरिबीचे प्रदर्शन मांडले, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याहून कठीण प्रश्न संमतीचा : स्नेहापोटी दिलेला होकार दूर देशातील वाचकाच्या नजरेसाठीही होता का?

याच शहरात सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन टिपले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ओलवे मुंबईचेच, ज्यांची चित्रे काढली, त्यांच्या प्रश्नांसाठी ते पुढेही बोलत राहिले.