कास्तेल देल मोन्ते: खंदकाविना उभा राहिलेला किल्ला

इटलीच्या आग्नेय भागातील पुलिया प्रांतात, आंद्रिया शहराच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीच्या एका सुट्या टेकडीवर उभ्या असलेल्या कास्तेल देल मोन्तेची गणना किल्ल्यांत होत असली, तरी दुर्गअभ्यासक ज्या गोष्टी प्रथम शोधतो त्यांपैकी बऱ्याच तेथे आज दिसत नाहीत. खंदक नाही, बाहेरचा तट नाही, पागा किंवा शिबंदीच्या वस्तीची खूण नाही. आणि तरीही प्रवेशद्वाराच्या दगडी चौकटीत वरून खाली सोडावयाच्या जाळीदार दरवाजाच्या खाचा स्पष्ट आहेत. संरक्षणाची तयारी आणि तिच्याविषयीची बेफिकिरी एकाच वास्तूत एकत्र नांदतात.

सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा (११९४–१२५०) याने ही वास्तू उभारली. तिच्याविषयीचे त्याच्या काळातील महत्त्वाचे कागदोपत्री साधन म्हणजे जानेवारी १२४० मधील त्याचा एक आदेश; परंतु त्यात बांधकामाचे साहित्य जमवण्याविषयी सांगितले आहे की फरसबंदीविषयी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद असल्याने बांधकाम तेव्हा नुकतेच सुरू होत होते की संपत आले होते, हेही निर्विवाद ठरत नाही.

मुख्य इमारत अष्टकोनी, आतले अंगण अष्टकोनी आणि प्रत्येक कोनाला लागून उभा असलेला बुरूजही अष्टकोनी, अशी ही रचना आहे. दोन्ही मजल्यांवर प्रत्येकी आठ दालने असून ती समलंब चौकोनी, म्हणजे अंगणाकडे अरुंद आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद आहेत. असल्या तिरकस आकारावर दगडी छत घालणे ही गवंड्यांची खरी परीक्षा होती. त्यांनी प्रत्येक दालनाच्या मध्यभागी एक चौरस कल्पून त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचे छत उभारले आणि दोन्ही बाजूंना उरलेले त्रिकोण टोकदार कमानीच्या आकाराच्या छताने झाकले. योजना सम्राटाची असेल, पण ती पेलली ती या कारागिरांच्या हिशेबाने. शिवाय एकसारख्या दिसणाऱ्या या दालनांतील ये-जा मात्र एकसारखी नाही: काहींना एकच दार आहे, तर काहींतून पुढे जाता येते. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीतील सात खिडक्या दोन कमानींच्या, तर आंद्रियाकडे पाहणारी आठवी तीन कमानींची आहे.

आठ या संख्येवरून गूढार्थ शोधणाऱ्यांनी ग्रहताऱ्यांपासून पिरॅमिडपर्यंत मजल मारली आहे. त्यापेक्षा जवळचा दाखला आखेन येथील शार्लमेनच्या अष्टकोनी प्रार्थनागृहाचा आहे, कारण तेथेच १२१५ मध्ये फ्रेडरिकचा राज्याभिषेक झाला होता. साम्राज्याचा मुकुटही आठ पट्टांचा होता. मात्र ही मंडळी ज्याकडे सहसा दुर्लक्ष करतात, तो भाग म्हणजे बुरुजांची अंतर्रचना. तीन बुरुजांत गोल जिने, तर इतर काहींत शौचकूप आणि हात धुण्याची सोय होती, आणि छतावर पडणारे पावसाचे पाणी साठवून ते खाली खेळवण्याची व्यवस्था होती. तेराव्या शतकातील युरोपीय किल्ल्यात ही चैनच म्हटली पाहिजे. अरबी विद्वानांशी संबंध ठेवणाऱ्या आणि १२२९ मध्ये युद्धाविना, सुलतान अल-कामिलशी तह करून जेरुसलेम मिळवणाऱ्या राजाला स्नानसंस्कृती अपरिचित नव्हती. ससाण्यांच्या साहाय्याने करावयाच्या शिकारीवर त्याने स्वतः ग्रंथ लिहिला असल्याने या वास्तूला शिकारगृह मानण्याचा मोह होतो. तथापि एवढ्या खर्चाचे कारण केवळ शिकार असावी, हे पटण्याजोगे नाही. सत्तेचे दुरून दिसणारे चिन्ह हा तिचा उपयोग अधिक संभवनीय वाटतो.

त्या सत्तेचा अंत मात्र लवकर झाला. १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत फ्रेडरिकचा पुत्र मानफ्रेड मारला गेल्यावर विजेत्या आंजूच्या शार्लने मानफ्रेडच्या लहान मुलांना कैदेत टाकले आणि आजोबांनी बांधलेली हीच वास्तू त्यांचा तुरुंग झाली. पुढे ती ओस पडली, मेंढपाळांनी तिचा आसरा घेतला आणि भिंतींवरचे संगमरवर काढून नेले गेले. १८७६ मध्ये इटालियन शासनाने ती विकत घेतली, तेव्हा मूळच्या सजावटीपैकी थोडेच शिल्लक होते: तळमजल्यावरील तांबूस ब्रेशिया दगडाचे, म्हणजे खडकांच्या तुकड्यांच्या नैसर्गिक मिश्रणातून बनलेल्या दगडाचे स्तंभ, आणि वरच्या मजल्यावरचे एकत्र जोडलेले, तिपेडी संगमरवरी स्तंभ.