संगमावरचे गुप्त दप्तर

चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ च्या मार्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. तेव्हापासून १८१७ च्या नोव्हेंबरपर्यंत, सुमारे एकतीस वर्षे, मुळा-मुठेच्या संगमावरच्या रेसिडेन्सीतून कलकत्त्याला आणि मुंबईला पत्रे जात राहिली. मॅलेटनंतर विल्यम पामर, बॅरी क्लोज आणि शेवटी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे रेसिडेंट बदलले, पण लिखाण थांबले नाही. उत्तर पेशवाईचा इतिहास आज ज्या तपशिलाने लिहिता येतो, त्याचा मोठा भाग या लिखाणावर उभा आहे.

पुण्यात कंपनीचा माणूस त्यापूर्वीही येऊन गेला होता. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला तेव्हा मुंबईकरांचा वकील टॉमस मॉस्टिन पुण्यातच होता. कायमची रेसिडेन्सी मात्र सालबाईच्या तहानंतरची. हा तह १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला होता, आणि कंपनीने पुणे दरबाराशी आपल्यामार्फतच बोलावे अशी महादजींची इच्छा होती. पुण्यात स्वतंत्र रेसिडेंट बसला की आपले महत्त्व कमी होणार, हे त्यांनी ओळखले होते. त्यांची संमती मिळवण्यासाठी मॅलेटला १७८५ मध्ये थेट मथुरेपर्यंत जावे लागले.

रेसिडेंटचे उघड काम वकिलातीचे: दरबारात जाणे, खलिते देणे-घेणे, तहाची बोलणी करणे. टिपूविरुद्ध कंपनी आणि पेशवे यांच्यात जून १७९० मध्ये झालेला तह हे मॅलेटच्या वकिलातीचे सर्वांत मोठे फळ. पण कंपनीच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम बातमीचे होते. कोणत्या सरदाराकडे किती फौज आहे, कोणाची तैनात थकली आहे, नाना फडणीस कोणावर रुष्ट आहेत, हे सारे कागदावर उतरत असे. कारभारी, सावकार, कारकून, निरनिराळ्या छावण्यांतले अखबारनवीस अशा अनेकांकडून ही माहिती येई. ती घोड्यांवर किंवा जासुदांच्या पायी बोरघाट उतरून पनवेलला आणि तिथून होडीने मुंबईला पोहोचे.

पत्र गेले की काम संपले, असे कंपनीत नसे. प्रत्येक पत्राची नक्कल पाठवणाऱ्याच्या नोंदवहीत उतरवली जाई. ते जिथे पोहोचे तिथल्या कचेरीच्या रोजनिशीतही ते पुन्हा लिहिले जाई. लंडनला जायच्या कागदांच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी रवाना होत, कारण एखादे जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचला पाहिजे. गोपनीय कागदांचे खाते वेगळे होते. कलकत्त्यात १७६३ पासून स्वतंत्र गुप्त विभाग होता. मुंबईत गुप्त व राजकीय विभागाच्या रोजनिश्या ठेवल्या जात. लंडनमध्ये १७८४ च्या कायद्याने कंपनीच्या संचालकांतील जास्तीत जास्त तिघांची गुप्त समिती नेमली गेली, आणि युद्ध, तह व दरबारांशी चाललेली बोलणी यांविषयीचे गोपनीय हुकूम तिच्यामार्फत निघू लागले. बाकीच्या संचालकांनाही ते कागद दाखवले जात नसत. एवढी गुप्तता पाळणाऱ्या कंपनीने तोच मजकूर तीन-चार ठिकाणी लिहून ठेवला, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे भाग्यच म्हणायचे.

या व्यवस्थेचा कस १८१७ मध्ये लागला. पाच नोव्हेंबरच्या दुपारी पेशव्यांची फौज चालून येताच एल्फिन्स्टन रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडे खडकीच्या पलटणीत जाऊन मिळाला. मागे रेसिडेन्सी लुटली गेली आणि जाळली गेली. त्याचा ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखिते त्यात गेली. पण रवाना झालेली सरकारी पत्रे एव्हाना कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या दप्तरांत दाखल झाली होती.

खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थाचे चरित्र पाहिले की या लिखाणाचा आतला व्यवहार कळतो. क्लोजच्या काळात तो रेसिडेन्सीचा देशी कारभारी होता. दरबाराशी होणारी बरीच बोलणी त्याच्याच तोंडून होत. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी त्याला कर्नाटकाची सरसुभेदारीही दिली. रेसिडेंटच्या कानाशी असलेला माणूस पेशव्यांचाही अंमलदार झाला. एल्फिन्स्टनने त्याला दूर केले आणि १८१५ मध्ये विषाने त्याचा मृत्यू झाला. अशा माणसाने सांगितलेली बातमी रेसिडेंटच्या पत्रात उतरते तेव्हा ती ठाम, नि:शंक वाक्यात उतरते. सांगणाऱ्याचा स्वार्थ त्या वाक्यात दिसत नाही. शिवाय रेसिडेंटला वरिष्ठांपुढे स्वत:चे धोरण बरोबर ठरवायचे असे. बाजीराव विश्वासघातकी आहेत, हे एल्फिन्स्टनच्या पत्रांतून जितके ठसते तितकेच ते त्याला ठसवायचेही होते.

म्हणूनच या कागदांशेजारी दुसरे दप्तर उघडावे लागते. राज्य घेतल्यावर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या हाती आले. इनामांचे हक्क तपासण्यासाठी इनाम कमिशनने ते चाळले, कारण सरकारला त्यांत रस होता तो महसुलापुरता. बोरूने लिहिलेले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून पुण्यात पडून राहिले आणि संशोधकांना ते अनेक दशके बंद होते. वि. का. राजवाड्यांना ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड उभे करण्यासाठी घरोघरच्या माळ्यांवरचे कागद शोधत हिंडावे लागले. राज्याचे मुख्य दप्तर पुण्यातच असताना इतिहासकाराला गावोगाव फिरावे लागावे, हा अन्यायच होता. इंग्रजी कागदांची वाट त्यामानाने लवकर मोकळी झाली. मुंबई सचिवालयातल्या निवडक कागदांची मराठा मालिका जॉर्ज फॉरेस्टने १८८५ मध्येच छापली होती.

पेशवे दप्तर खऱ्या अर्थाने उघडले ते गो. स. सरदेसाई यांच्या हातून. त्यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्यानंतर लगेच, १९३६ पासून, जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची मालिका मुंबई सरकारने प्रसिद्ध करायला घेतली. पहिला खंड महादजी आणि उत्तरेकडील राजकारण यांवरचा, जदुनाथ सरकारांनी संपादिलेला. दुसरा मॅलेटच्या वकिलातीचा, सरदेसाईंचा. पामर, क्लोज आणि एल्फिन्स्टन यांचे खंड पुढे आले. आता नाना फडणीसांच्या काळातले एखादे प्रकरण घ्यावे, रेसिडेंटचे पत्र एका बाजूला आणि त्याच आठवड्याचे मोडी पत्र दुसऱ्या बाजूला ठेवावे, आणि कोणाला काय ठाऊक होते ते तारीखवार लावावे, अशी सोय झाली.

मुंबईचे सरकारी दप्तरखाते १८२१ मध्ये सुरू झाले, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच होता. ते संग्रह आज काळा घोडा भागात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. कलकत्त्याच्या गुप्त विभागाचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. लंडनकडे रवाना झालेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात मिळतात, आणि एल्फिन्स्टनचे खाजगी कागदही तिथेच आहेत.