धुराची वाट : कोल्हापुरातील ऊन पाण्याचा इतिहास

१/ नरक चतुर्दशीची पहाट. अंगाला तेल-उटणे लागले आहे आणि न्हाणीघरातून वाफ येते आहे. आज एक कळ दाबली की पाव तासात ऊन पाणी मिळते. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या घरात त्याच घंगाळभर पाण्यासाठी काय काय लागत असे? त्याची किंमत कोण मोजत असे? आणि पाणी तापवण्याची कोणती अट आपण विसरलो? या धाग्यात पाहू.

२/ आधी पाणी. कोल्हापूर पंचगंगेकाठी वसले असले तरी नदी खाली आणि वस्ती उंचावर. त्यामुळे विहिरी, तळी आणि दक्षिणेकडील कळंबा-कात्यायनीच्या बाजूने आणलेले पाणी यांवर शहराची भिस्त होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात येऊ लागले. 'पाण्याचा खजिना' हे स्थळनाव त्या काळाची साक्ष देत आजही टिकून आहे. ज्या समाजाने पाणी साठवण्याच्या जागेला खजिना म्हटले, त्याला पाण्याचे मोल ठाऊक होते.

३/ मात्र पाणी शहरात आले म्हणजे न्हाणीत आले असे नव्हे. एक साधा हिशेब करू. सहा माणसांचे घर, प्रत्येकी वीस लिटर ऊन पाणी, म्हणजे रोज १२० लिटर. वजन १२० किलो! बारा-पंधरा लिटरच्या घागरीने आठ ते दहा खेपा. पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि धुण्याचे पाणी यात धरलेलेच नाही. या खेपा बहुधा घरातील बायकांच्या वाट्याला येत किंवा वाड्यातील गडीमाणसांच्या.

४/ आता सरपण. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळक्या लाकडात साधारण ४००० किलोकॅलरी असतात, पण उघड्या चुलीवर त्यांतील दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचतात. बाकीची उष्णता हवेत जाते. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला जवळपास एक किलो लाकूड. सहा जणांच्या घराला महिन्याकाठी सुमारे १८० किलो!

५/ सरपण म्हणजे केवळ लाकूडही नव्हे. वखारीतून विकत घेतलेल्या ढलप्या ज्याला परवडत, तो घेई. इतरांच्या चुलीत शेणी, तुरीच्या काड्या, उसाचा वाळलेला पाला जाई. कोल्हापूर हा गुळाचा मुलूख. गुऱ्हाळघरात रस काढून उरलेली चिपाडे वाळवून त्याच गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालत, म्हणजे ऊस स्वतःच्याच रसाला आटवीत असे. टाकाऊतून उष्णता मिळवण्याची ही काटकसर घरच्या न्हाणीतही होती.

६/ या काटकसरीतून लोकप्रिय झालेले भांडे म्हणजे तांब्याचा बंब. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरून गोल, उभे, पाण्याचे पात्र. पाण्याच्या मधोमध वरपर्यंत गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी आणि खाली राख पडण्याची जागा. जळण नळीत घालायचे. चारी बाजूंनी पाणी असल्याने आगीची धग बाहेर वाया जाण्याऐवजी पाण्यात उतरते. चहासाठी पाणी तापवणारा रशियन समोवार याच तत्त्वावर चालतो.

७/ नावाची गंमत अशी की 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दावरून आल्याचे मानले जाते. म्हणूनच आग विझवायला धावणारी गाडीही बंब आणि पोटात आग घेऊन बसणारे न्हाणीतले भांडेही बंब!

८/ बंबाचीही स्वतःची शिस्त होती. आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबात जाळ केला तर सांध्यांचा डाख सुटे आणि बंब गळू लागे. मग तांबटाकडे नेणे आले. रोज राख काढायची, सणाआधी चिंचेने घासून लखलखीत करायचा. कढत पाण्यात घालण्याच्या गार पाण्याला तर 'विसण' असा स्वतंत्र शब्दच मराठीने दिला. बंब टिकाऊ असे, तांब्याला मोडीचाही भाव येई. म्हणून तो घरातील एक ठेवच समजला जाई.

९/ पण बंबाची सर्वांत महत्त्वाची अट त्याच्या जागेची होती. तो परसात, पडवीत किंवा वर कौले आणि भिंतीला झरोका असलेल्या न्हाणीत असे. मधली नळी वर उघडी, तिच्यावर उजेडासाठी नव्हे तर धुरासाठी मोकळी जागा. डोळे चुरचुरले की माणूस दार उघडी. धूर त्रासदायक होता खरा, पण तो इशाराही देत होता.

१०/ त्याच सुमारास सातासमुद्रापार काय घडत होते? १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिराने गॅसवर तत्काळ पाणी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याला 'गीझर' हे नाव दिले. हे नाव आइसलँडमधील उकळत्या पाण्याच्या उसळत्या झऱ्यावरून आले आहे. आपण आज सर्रास वापरतो तो 'गिझर' शब्द तोच. त्या पहिल्या यंत्रात एक भयंकर उणीव होती. जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते.

११/ कोल्हापुरात उष्णतेचे नवे रूप विजेच्या तारेतून आले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले, ते मुख्यतः शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे त्याच धरणाच्या पाण्यावर वीजही निर्माण झाली. पाणी तापवण्यासाठी वाहते पाणीच कामाला लागले आणि वखारीची जागा विजेच्या मीटरने घेतली.

१२/ विजेच्या गिझरचा खर्च आणि अटी पाहा. १५ लिटरचे यंत्र आज साधारण सहा ते बारा हजार रुपयांत मिळते. नळजोडणी आणि वायरिंगचा खर्च वेगळा. दोन किलोवॉटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि पक्के अर्थिंग हवे. दाब सोडणारी झडप हवी. टाकी उंचावर हवी, म्हणजे कळंब्याचाच जुना उताराचा नियम! वीस लिटर ऊन पाण्याला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. सहा जणांना रोज साडेतीन युनिटांच्या आसपास.

१३/ गच्चीवरचा सौर बंब हा तिसरा मार्ग. यंत्र महाग, पण ऊन फुकट. पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या बसवाव्या लागतात, गच्चीवर सावली नको आणि ऊन पाण्याची नळी लांब नको. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात मात्र सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. तेव्हा विजेची जोड लागतेच.

१४/ आता पुन्हा मॉनच्या उणिवेकडे. स्वस्त आणि तत्काळ म्हणून गॅस गिझर छोट्या, बंद बाथरूममध्ये बसवले जातात. दार लावलेले, खिडकी थंडीमुळे बंद. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेले माणूस बाहेर येत नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो.

१५/ ज्या आजीने बंब कधीही कोंदट खोलीत पेटवू दिला नाही, तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण धुराला वाट हवी, हे तिला पक्के ठाऊक होते. आपण बंब मोडीत घातला आणि त्यासोबत ती समजही. म्हणून गॅस गिझर बसवायचाच तर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त ऊन पाण्याची नळी आणा.

१६/ २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी कोल्हापुरात पोहोचले. सणाची पहिली आंघोळ याच पाण्याने, हे आश्वासन शहरात बरेच गाजले होते. अभ्यंगस्नानाचे ऊन पाणी इथे आजही इतके मोलाचे आहे. तुमच्या घरी माळ्यावर जुना बंब असेल तर या दिवाळीत तो खाली काढा, आणि तो पूर्वी कुठे ठेवत असत व पहाटे कोण पेटवत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून इथे जरूर लिहा. (समाप्त)